लटका ठोसा : एक प्रस्तावना

मराठीत मारण्याचे प्रकार इतक्या बारकाईने वेगळे केलेले आहेत की परभाषिकाला त्यांचा अर्थ सांगताना प्रत्येक वेळी हात उचलून दाखवावा लागतो. टपली डोक्यावर बसते आणि तिच्यात लाड असतो. धपाटा पाठीत बसतो आणि तो बहुधा आईचा असतो. रट्टा आणि रपाटा हे मास्तरांच्या आणि थोरल्या भावांच्या अखत्यारीतले. कानशिलात आणि मुस्कटात ह्यांत इजेपेक्षा अपमान मोठा. गुद्दा आणि बुक्की ही जवळच्या झोंबाझोंबीतली हत्यारे, तर ठोसा हा अंतर राखून, नेम धरून, सगळा खांदा पाठीशी घालून दिलेला प्रहार. एवढ्या संपन्न कोशात, जो मार दिसतो, ऐकू येतो, पाहणाराच्या अंगावर काटा आणतो आणि ज्याला बसला असे वाटते त्याला मात्र बसत नाही, त्या माराला स्वतंत्र नाव नाही. त्याच्यासाठी आपल्याला रागाच्या आणि रुसव्याच्या शेजारून एक विशेषण उसने आणावे लागते. लटका राग, लटके भांडण, तसाच लटका ठोसा. व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात आणि नाटकाच्या रंगमंचावर हा ठोसा कसा मारावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कसा खावा, हे सांगणाऱ्या एका छोट्या पुस्तिकेला चार शब्द जोडण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

ह्या विद्येचा पहिला पाठ आपण बहुतेकांनी पाठीवरच घेतलेला असतो. आईचा धपाटा एकदा नीट आठवून पाहावा. तळहात किंचित वाटीसारखा पोकळ केलेला असतो, बोटे एकमेकांना चिकटलेली आणि मनगट सैल, हात पाठीवर उतरताना त्या वाटीत हवा कोंडते आणि आवाज असा होतो की शेजारची काकू ओट्यावरून विचारते, "अगो, कशाला मारतेस पोराला?" पोर भोकाड पसरते हे खरे, पण ते आवाजाला भिऊन, दोन मिनिटांत ते पुन्हा त्याच आईच्या पदराला तोंड पुसत असते. आवाजाचा मार आणि हाडाचा मार ह्या दोन स्वतंत्र बाबी असून पहिला वाढवीत नेताना दुसरा कमी करीत जाता येतो, हा ह्या शास्त्राचा मूळ सिद्धान्त महाराष्ट्रातील, गोव्यातील आणि आमच्या सीमाभागातील मातांनी कोणत्याही गुरूकडे न जाता सिद्ध केलेला आहे.

पुस्तिकेचे कर्ते माझे शेजारी. आपले नाव मुखपृष्ठावर घालू नये असा त्यांचा हट्ट असल्याने मीही ते येथे लिहीत नाही. तरुणपणी काही वर्षे मुंबईत काढून, तिथल्या आखाड्यांच्या आणि चित्रीकरणाच्या कडेकडेने वावरून ते परतले तेव्हा त्यांचे मूळ गाव पाण्याखाली जाण्याच्या बेतात होते. काळी आणि पांढरी ह्या नद्यांच्या संगमावर वसलेले, सबंध तालुक्याला आपले नाव देणारे सुपे ते हेच. गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८७ साली पुरे झाले, तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली आणि विस्थापित माणसांपैकी पुष्कळशी आमच्या रामनगरला येऊन राहिली. वसवलेल्या गावाची एक अडचण अशी की तिथे पिंपळ असतो, पण पिंपळाखाली सांगायच्या गोष्टी दुसऱ्या गावच्या असतात. मात्र रामनगरला स्थानाचा एक लाभ आहे. आमच्या तिठ्यावरून एक रस्ता लोंढ्यावरून खानापूर-बेळगावकडे जातो, दुसरा अनमोडचा घाट उतरून गोव्यात शिरतो आणि तिसरा जोयडा-दांडेलीवरून हल्याळकडे वळतो. पहिल्या आणि तिसऱ्या रस्त्याच्या टोकाला तांबडी माती आहे, जिथे पाठ टेकली की ती खरोखरच टेकते. दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला देवळाच्या प्रांगणात रात्रभर चालणारा दशावतार आहे, जिथे राक्षस रोज मरतो आणि पहाटे चहा पितो. लटक्या ठोशाचा जन्म ह्या दोन मुलखांच्या मधल्या पट्टीत होतो, आणि म्हणून त्याची पुस्तिका आमच्या गावी लिहिली जावी हे मला विचित्र वाटत नाही.

मातीतल्या कुस्तीत ठोसा नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' ह्या ग्रंथात मल्लविनोदाला स्वतंत्र स्थान दिले, इतकी ह्या भूमीत कुस्तीची चर्चा जुनी आहे. आणि आजही ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, एकेरी पट, दुहेरी पट अशी डावांची नावे ज्याच्या तोंडी असतात त्या पहिलवानाचा हात वर्षानुवर्षे धरण्यासाठी, अडकवण्यासाठी, खेचण्यासाठी घडवलेला असतो. मूठ वळून मारणे हे त्याच्या लेखी हलके काम. कंसाच्या आखाड्यात चाणूराबरोबर जो दुसरा मल्ल उभा होता त्याचे नाव मुष्टिक, आणि नावातच मूठ असलेला हा मल्ल खलपक्षात असावा हा मला केवळ योगायोग वाटत नाही. गमतीची गोष्ट अशी की पाश्चात्त्य व्यावसायिक कुस्तीचा कागदोपत्री नियमही हाच आहे: बंद मुठीचा प्रहार निषिद्ध, आणि तो केल्यास पंच तंबी देतो. म्हणजे ठोसा हा तिथेही मुळात गुन्हाच आहे. तो खलनायकाने करायचा, पंचाने पाहून न पाहिल्यासारखे करायचे, आणि सोसून सोसून नायकाचा संयम सुटला की त्याने मूठ वळायची, तेव्हा सगळे प्रेक्षागृह त्या बेकायदेशीर कृत्याला उभे राहून टाळ्या देते. निषिद्ध नसता तर त्या ठोशाला काडीची किंमत उरली नसती.

रंगभूमीकडचा वारसा ह्याच्या उलट बाजूने येतो. दशावताराच्या पूर्वरंगात संकासुर वेद पळवतो आणि विष्णूशी झुंजतो. पुढे आख्यानात दोन राजे समोरासमोर आले की बाकड्याचे सिंहासन बाजूला सरते, पायपेटी चढत जाते, मृदंग आणि झांज एकमेकांचा पाठलाग करू लागतात आणि तलवारी अशा भिडतात की त्यांचा खणखणाट समेवरच पडतो. संहिता लिहिलेली नसते. संवाद नटांनी उभ्या उभ्या रचायचे असतात. तरीही त्या झुंजीत कोणाचे बोटदेखील कापले जात नाही, कारण दोघांच्या मध्ये मृदंगाचा ताल हा तिसरा साक्षीदार उभा असतो. ह्या शिस्तीचे मूळ फार मागे जाते. भरताच्या नाट्यशास्त्रात रंगावर शस्त्र चालवण्याच्या भारत, सात्वत, वार्षगण्य आणि कैशिक अशा चार रीती सांगितल्या असून त्यांना 'न्याय' अशी संज्ञा दिली आहे, आणि तिथेच बजावले आहे की रंगभूमीवर खरोखरचा छेद-भेद होता कामा नये, रक्त निघता कामा नये, प्रहार संकेतापुरता असावा. प्रहाराच्या पद्धतीला न्याय म्हणावे ह्यात मला मोठी समज दिसते. पुस्तिकेच्या कर्त्यांना मी हा संदर्भ दाखवला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "म्हणजे त्या काळीही कुणाचे तरी दात पडले असणार." नियमाच्या पाठीमागे अपघात असतो हे त्यांचे निदान कोणत्याही भाष्यकाराला मान्य व्हावे.

आता दोन शब्द फ्रीस्टाइलविषयी, कारण ह्या शब्दाने आपल्याकडे मोठा घोटाळा करून ठेवला आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला जे कांस्यपदक मिळवले ते फ्रीस्टाइल कुस्तीतलेच, आणि तो प्रकार नियमांनी काटेकोर बांधलेला. परंतु पुढच्या काळात मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग ह्यांच्या लढती पाहायला जी गर्दी लोटली तिने त्याच शब्दाला दुसरा अर्थ दिला. किंगकाँग म्हणजे हंगेरीत जन्मलेला एमिल झाया, पर्वतप्राय देहाचा. दारासिंग देखणा, सरळ, सोशीक. दोघांची आकृती पाहूनच कोण कोणत्या पक्षाचा हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळावे अशी ती योजना होती. १९६२ साली 'किंगकाँग' ह्याच नावाच्या चित्रपटात दारासिंग नायक झाला आणि रिंगणातला ठोसा पडद्यावर गेला. मराठी वृत्तपत्रांनी मग हा शब्द असा आत्मसात केला की आज नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या तरी बातमीचा मथळा 'सभागृहात फ्रीस्टाइल' असाच येतो. ऑलिम्पिकचे पदक, रिंगणाचा तमाशा आणि नगरसेवकांची हाणामारी, तिघांना एकच शब्द.

ह्या लढती आधी ठरलेल्या होत्या काय, हा प्रश्न जाणता माणूस हळू आवाजात विचारतो. आपल्याकडे नुरा कुस्ती असा एक शब्द आहे आणि तो शिवीसारखा वापरला जातो, ते योग्यच आहे. कारण मातीच्या मैदानात इनाम लावणाऱ्याने आणि तिकीट काढणाऱ्याने खऱ्या निकालाचे पैसे मोजलेले असतात, आणि दोन मल्लांनी आपसात तह करून त्याला फसवणे ही उघड लबाडी होय. लटक्या ठोशाच्या व्यवहारात तह तिघांचा असतो, तिसरा पक्ष प्रेक्षक. रोलाँ बार्थ ह्या फ्रेंच लेखकाने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'मिथॉलॉजीज' ह्या ग्रंथात कुस्तीवर पहिलाच निबंध घालून असे मांडले की तिथला प्रेक्षक लढत खरी की खोटी ह्याची पर्वाच करीत नाही. तो दुःख, अन्याय आणि पारिपत्य ह्यांचे स्पष्ट दर्शन मागतो. अमेरिकेत हे कबूल करायला आणखी बराच काळ गेला. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे तिथल्या सर्वांत मोठ्या कुस्ती कंपनीने कैफियत मांडली की आमचा खेळ ही क्रीडास्पर्धा नसून करमणूक आहे, सबब क्रीडा खात्याची देखरेख आणि त्यासोबतचा आकार आम्हांस लागू नसावा. कित्येक दशके प्राणपणाने जपलेले गुपित शेवटी करमाफीच्या अर्जात उघड झाले! सरकारदरबारी माणूस सत्य बोलतो तो बहुधा महसुलाच्या ओढीने.

असो. पुस्तिकेचा गाभा ह्या इतिहासात नाही, तो मनगटात आहे, आणि तिथे मला थोडे रेंगाळणे भाग आहे. चित्रपटातला ठोसा आणि रिंगणातला ठोसा ह्यांत मुळातला फरक असा की चित्रपटात पाहणारा डोळा एकच असतो. कॅमेरा योग्य जागी ठेवला की मूठ हनुवटीपासून वीतभर अंतरावरून गेली तरी ती बसल्यासारखी दिसते, आणि 'ढिशूम' मागाहून घालता येतो. रिंगणाला चारी बाजूंनी माणसे बसलेली असतात; एका बाजूला लपवलेले अंतर समोरच्या बाजूला दिवसाढवळ्या दिसते. म्हणून तिथे ठोसा बसावाच लागतो. शिकणाऱ्याची खरी परीक्षा इथे सुरू होते, कारण 'लागू न देणे' सोपे आहे आणि 'लागणे' त्याहून सोपे. लागूनही न लागणे हे मधले काम वर्षानुवर्षे मागते.

मूठ वळलेली दिसावी पण आवळलेली नसावी. बोटे आत दुमडायची, अंगठा बाहेर ठेवायचा, आणि आत एखादे चिमणीचे अंडे धरले आहे अशा बेताने मूठ पोकळ ठेवायची. पुन्हा तीच आईच्या तळहाताची वाटी. हात खांद्यापासून मोठा, मोकळा, शेवटच्या रांगेला दिसेल असा निघावा; सगळा वेग वाटेत खर्च व्हावा आणि पोचण्याच्या क्षणी मनगट ओल्या फडक्यासारखे ढिले पडावे. बोटांची पेरे कधीही पुढे करायची नाहीत. स्पर्श दुमडलेल्या बोटांच्या सपाट भागाचा किंवा पुढच्या हाताच्या मांसल भागाचा. नेम कपाळाच्या वरच्या अंगावर किंवा कानाखाली जबड्याच्या कडेला. नाक, डोळा, दात, कानशील आणि कंठ ही ठिकाणे वर्ज्य. अमेरिकेतील मेंफिस शहराचा जेरी लॉलर ह्या एका ठोशासाठीच नावाजला गेला, इतकी ह्या साध्या दिसणाऱ्या कृतीला त्या धंद्यात प्रतिष्ठा आहे.

आवाज मुठीतून येत नाही, तो पायातून येतो. रिंगणाचा पृष्ठभाग म्हणजे लोखंडी तुळयांवर टाकलेल्या फळ्या, त्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेले जाड कापड. म्हणजे एक प्रचंड पखवाजच. ठोसा पोचण्याच्या नेमक्या क्षणी मारणाऱ्याने पुढचा पाय त्याच्यावर आपटला की सगळे सभागृह दणाणते आणि प्रत्येकाचे डोळे मुठीवर असल्याने तो दणका मुठीच्या खात्यावर जमा होतो. पाय अर्ध्या मात्रेने आधी पडला तर लहान मूलही हसते. मागून पडला तर मारणारा लंगडा वाटतो.

एवढे सगळे करूनही ठोसा अपुराच राहतो, कारण त्याचा उत्तरार्ध दुसऱ्याच्या ताब्यात आहे. माझ्या मते पुस्तिकेतील सर्वांत मोलाचे प्रकरण खाणाऱ्याचे आहे, आणि ते मारणाऱ्याच्या प्रकरणापेक्षा दुप्पट लांब आहे हे कर्त्यांनी समजून उमजून केलेले आहे. दात मिटलेले, जीभ आत, हनुवटी किंचित खाली. मूठ पोचेपर्यंत मान हलवायची नाही, पोचताच त्याच दिशेने वळू द्यायची, म्हणजे जो काही जोर उरला असेल तोही वाऱ्यावर जातो आणि केस उडतात. मग एक अगदी लहान विराम, ज्यात चेहऱ्यावर वेदनेआधी आश्चर्य यावे. आणि त्यानंतर पाय. पहिल्या ठोशाला एक पाऊल मागे, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला दोराचा आधार. पहिल्याच ठोशाला आडवा होणारा नट आपल्या जोडीदाराचे पुढचे सगळे ठोसे फुकट घालवतो. प्रेक्षक ठोशाची रुजवात मुठीवरून करीत नाही, खाणाऱ्याच्या गुडघ्यांवरून करतो.

म्हणूनच मी ह्या व्यवहाराला अमानत म्हणतो. रिंगणात उतरताना प्रत्येक मल्ल आपला चेहरा, मान आणि मणका दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. करारनामा नाही, जामीन नाही, फक्त डोळ्यांची एक ओझरती खूण. ही अमानत चुकीने मोडली की काय होते ह्याची त्या धंद्यात परिभाषाच आहे. चुकून खरा बसलेल्या ठोशाला तिकडे 'बटाटा' म्हणतात आणि त्याच्या बदल्यात पुढे मागे सव्याज परत मिळणाऱ्या खऱ्या ठोशाला 'पावती'. बटाटा दिलेल्याने पावती निमूट घ्यायची असते; तक्रारीला दाद नाही. चित्रपटातही पावतीशिवायचे बटाटे झाले आहेत. २६ जुलै १९८२ रोजी बंगळुरात 'कुली'च्या चित्रीकरणात एक ठोसा आणि त्याला जोडलेली उडी ह्यांचा मेळ किंचित चुकला, टेबलाची कड अमिताभ बच्चन ह्यांच्या पोटात बसली, आणि काही दिवस सगळा देश इस्पितळाच्या दाराकडे डोळे लावून होता. चित्रपट लागला तेव्हा ते दृश्य क्षणभर थांबवून, इथेच अपघात झाला असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. लटक्या ठोशात खरेपणा किती जवळ दबा धरून असतो हे त्या थांबलेल्या चित्राइतके कोणी समजावून देऊ शकणार नाही.

आमच्या परसातला बटाटा एवढा मोठा नव्हता. शिमग्याच्या नाटकासाठी गावातली दोन मुले शेजाऱ्यांकडे शिकायला येत. त्यातला एक खानापूरकडच्या तालमीत दोन वर्षे राहून आलेला, दुसरा दुकानात हिशेब लिहिणारा, काडीसारखा. सगळ्यांना वाटले, हिशेबनीसाला ही विद्या येणे कठीण. झाले उलटे. त्याला कोणाला मारून माहीत नसल्याने तो प्रत्येक ठोसा भीत भीत, मोजून, जोडीदाराचे तोंड पाहून मारी आणि तो चार दिवसांत इतका खरा दिसू लागला की कुंपणावरून पाहणाऱ्या बायका चुकचुकत. पहिलवानाची गोष्ट अवघड. त्याच्या अंगाला जोर लावण्याची सवय, आणि जोर न लावण्यासाठी लागणारा जोर त्याच्याकडे नव्हता. पाचव्या दिवशी त्याचे मनगट ढिले पडायचे राहिले आणि हिशेबनीसाचा ओठ फुटला. रक्त पाहून पहिलवानच मटकन खाली बसला. शेजाऱ्यांनी हळद आणली, ओठाला लावली, आणि पहिलवानाला म्हणाले, "ऊठ. आता तो मारील आणि तू खाशील. आठ दिवस मारायचं नाव काढायचं नाही." आठ दिवस तो नुसता खात राहिला. नवव्या दिवशी त्याने मारलेला ठोसा मी पाहिला. मूठ निघताना वाटले की समोरच्याचे डोके धडावर राहत नाही, आणि पोचली तेव्हा तिने त्याच्या गालावरची माशी तेवढी उडवली असावी.

ही विद्या शिकवावी काय, असा आक्षेप एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्यापाशी घेतला. मुले मारामारी शिकतील असे त्यांचे म्हणणे. त्यांना मी ती परसातली शिकवणी पाहायला बोलावले आहे. ते अजून आलेले नाहीत.

एक सूचना वाचकांसाठी. पुस्तिकेचा पहिला धडा पायाचा आहे, आणि तो शेणाने सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर शिकता येत नाही, फळ्या लागतात. शेजाऱ्यांनी धरणाच्या वेळी सुप्याच्या घरातून सोडवून आणलेल्या माळ्याच्या चार फळ्या परसात दोन ओंडक्यांवर टाकल्या आहेत, आणि ह्या वयातही रोज संध्याकाळी दिवेलागणीला ते त्यांवर उभे राहून हवेत एक ठोसा मारतात आणि पाय आपटतात. इतकी वर्षे झाली, तरी आवाज झाला की स्वयंपाकघरातून त्यांच्या मंडळींची हाक येते, "अहो, दारात कोण आलंय बघा."